बहात्तर तास

गावपळणीला गाव निघाला त्या सकाळी
मी मालवणच्या लॅबमध्ये, आठव्या टाकीतल्या कोळंबीला
शेपटीच्या तिसऱ्या सांध्यात सुई टोचत होते.
फोनवर आवस म्हणाली,
ढोरां भायर काढली, कोंबे बांधले,
मांजर काय गावाक नाय.
तू तरी ये गो.
म्हटलं, मला बहात्तर तास लागतील.
म्हणाली, आमकाय तितकेच लागतले.

सुईत औषध नव्हतं.
दुपदरी धागा होता,
विषाणूच्याच एका ओळीची नक्कल.

बाबा घाडी. देवळात गाऱ्हाणं घालतात,
आणि वाक्य पुरं व्हायच्या आत
मागून सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा.
पेशीचं तेच.
आतून निरोप आला, व्हय म्हाराजा.
पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला, तिच्याच बोलीत बोलला,
तरी व्हय म्हाराजा,
आणि पाचव्या दिवशी रुजाय फर्नांडिसच्या तळ्यात
अडीच टन सुंगटां आडवी.
रुजाय रडली नाही.
गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपलीनं उपसत होती.
मध्येच मला म्हणाली,
ह्येचा तोंड बंद करूक येता काय गो तुका?

येतं. थोडं.
पोथीला हात लावायचा नाही.
पोथीतला निरोप घेऊन जो निघालाय
त्याला वाटेत गाठायचं.
पेशीपाशी कातरी असतेच, जन्मापासूनची.
ती धाग्याचे एकवीस-बावीस अक्षरी तुकडे पाडते,
त्यातला एक कुणीतरी मुठीत धरून ठेवतं
आणि जुळणारा निरोप आला
की मधोमध.
सर याला सायलेन्सिंग म्हणतात.
मी वहीत लिहिते, निरोप पोचला नाही.

पहिल्या रात्री वेशीबाहेर झापांच्या झोपड्या,
आवशीच्या मागे कुणाचंतरी भजन, पोरांचा दंगा,
आणि वेशीच्या आत
दिवा नाही, घंटा नाही, चूल नाही.
मी चोवीस तासांचे कल्ले कापून बर्फात ठेवले.

तिसऱ्या टाकीला दिला होता
जेलीफिशच्या जनुकाचा धागा.
कोळंबीशी त्याचं काही देणंघेणं नाही.
कुणालाच गप्प न करणारा धागा,
तोही तितक्याच निगुतीनं बनवायचा, तितकेच पैसे मोजून,
नाहीतर कळणार कसं
ती सुईनं गप्प झाली की शब्दानं.

दुसऱ्या रात्री दोन वाजता लाइट गेली.
जनरेटर खोकला आणि बसला.
बावतीस वॉचमननं सायकलचा पंप आणला,
तो आणि मी आळीपाळीनं
वीस-वीस कोळंब्यांना पहाटेपर्यंत वारा घालत होतो.
बावतीसनं विचारलं, ह्या पीएचडीत बसता?
म्हटलं, बसवावं लागेल.

बहात्तराव्या तासाला
तिसऱ्या टाकीत मेलेल्या चौदा.
आठवीत तीन.
जेलवर निळ्या उजेडात रेघ पुसट,
पुसलेली नाही.
दोन आठवड्यांनी ती पुन्हा ठळक होईल, हे आधीच माहीत असतं,
तरी मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभी होते.
वहीत लिहिलं, अकरा टक्के शिल्लक.

मग आवशीचा फोन.
देवानं कौल दिला, माणसं घरी आली,
अंगणात पाचोळा, विहिरीवर बेडूक,
आणि मांजर वायनात बसलेलं,
तीन दिवस तिथंच असावं.
काय खाल्ल्यान, म्हणाली, देवाक ठावक.