मंगळवारपर्यंत

पत्र तांपेरेहून आलं, एका विद्यार्थ्याचं,
नम्र, जवळजवळ लाजरं:
कदाचित माझंच चुकत असेल,
पण सोबतचा प्रोग्रॅम एकदा चालवून पाहाल का?
बाराच ओळी.

झ्दिस्लावाने ब्रनोतल्या तिसऱ्या मजल्यावर चालवून पाहिल्या.
रनटाइम क्षणभर थबकला, आणि मग
दुसऱ्याच कुणाच्या मेमरीतले आकडे
जेवता जेवता बोलावं तसे
बोलून गेला.

ती जागा तिला ठाऊक होती.
एकोणीस वर्षांपूर्वी, वेग हवा म्हणून,
तिनेच लिहिलं होतं:
यादीबाहेर पाऊल पडणार नाही असं जिथे सिद्ध होतं
तिथला पहारेकरी घरी पाठवा.
कशाला उगाच दर फेरीला
कोण, कुठले, कुठे निघालात?

पहारेकरी गेला. प्रोग्रॅम पळू लागले.
बँका, विमानतळ, लायब्ररीतली पुस्तकं परत घेणारी पेटी,
सगळ्यांच्या पोटात तिची ती घाई.
गणित बरोबरच होतं.
फक्त मोजता मोजता आकडा इतका फुगला
की त्याच्या खणात मावेना,
तर तो उलटून उणे होतो,
आणि उणे आकडा
कुठल्याही कमाल मर्यादेच्या आतच असतो.
पोराला ताप होता त्या रात्री.
हे ती कुणाला सांगत नाही. कारण ते कारण नव्हे.

दुरुस्ती एका दुपारची. तीन ओळी.
पहारेकऱ्याला परत कामावर घ्या.
पण बुजवायचं भोक आधी बोट ठेवून दाखवावं लागतं,
आणि बोटाकडे सगळेच बघतात.
म्हणून ठरलं: मंगळवार, रात्री आठ,
सगळ्यांनी एकदम.
तोवर एकूण अकरा माणसं,
आणि तोंडात तीळ भिजवत बसायचं.

रविवारी ती भावाकडे, ओपावाला.
ओताकार तिथल्या रुग्णालयाची यंत्रं सांभाळतो,
रक्तपेढी, औषधांच्या चिठ्ठ्या, प्रसूतीची नोंदवही.
त्याने क्नेडलिकींवर सॉस ओतला,
हसत म्हणाला,
आमच्याकडे अजून तुझी ती जुनी आवृत्ती,
सहा वर्षं कुणी हात लावला नाही.
चालतंय ना? मग चालू दे.

ती म्हणाली, मीठ दे जरा.

(आधीच खारट होतं.)

परतीच्या गाडीत तिने काचेवर बोटाने
ते तीन ओळींचं काहीतरी लिहिलं, पुसलं.
समोरच्या म्हातारीला वाटलं, प्रेमात असेल.

सोमवारी कुणीच काही बोललं नाही.
सोमवार हा सगळ्यात लांब वार.

मंगळवारी आठ वाजून चार मिनिटांनी
दोषाला क्रमांक मिळाला,
तीव्रता दहापैकी नऊ पूर्णांक एक,
शोधणाऱ्याचं नाव इल्मारी,
लिहिणारीचं नाव नाही. ते कुणी विचारत नाही,
ते इतिहासात असतं, शोधलं तर सापडतं.

आठ वाजून पाच मिनिटांनी तिने फोन लावला.
बदल, आत्ताच्या आत्ता बदल.
तो म्हणाला, परवानगीला तीन आठवडे लागतात.
ती म्हणाली, ज्यांच्यासाठी थांबतोयस
ते थांबणार नाहीत, ते आत्ता वाचतायत.

मग बराच वेळ
फक्त त्याच्या स्वयंपाकघरातला नळ.

तुला कधी कळलं?

तिने खिडकीबाहेर पाहिलं. एक ट्रॅम रिकामी वळली.

रविवारी माहीत होतं?

हो.

तो काही म्हणाला नाही.
नळ बंद झाल्याचा आवाज आला,
खुर्ची सरकली,
आणि मग, फोन कानाशी तसाच ठेवून,
की दाबल्याचा, एकेक,
हळू, कारण त्याला दोनच बोटांनी टाइप करता येतं.