नाविकासह

माझ्या पिशवीत दोन पुस्तकं.
एक राज्याचं, पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याचं.
एक केंद्राचं, जाड; त्याचा मराठी तर्जुमा
गेल्या पोळ्यापासून मीच करतेय.
साहेब म्हणाले, दोन्ही जुळवून आणा.
म्हणून टेप घेऊन मी
खैरीटोल्याच्या तलावावर.

पाळीवर मोहाची सात झाडं.
तुडुमाजवळ नौकाविहाराचा बोर्ड, त्यावर हंस;
हंस इथं कुणी पाहिलेला नाही.
पलीकडे शिंगाड्याच्या वेलात
धिवरांच्या बाया कमरेइतक्या पाण्यात,
त्यांच्यासाठी कुठल्याच पुस्तकात कलम नाही.

लटारू पचारे नाव धरून उभा.
मी लांबी घेते, रुंदी घेते, खोली.
राज्य म्हणतं: प्रवासी आठ.
केंद्र म्हणतं: माणसं सहा.
"मंग आठ का सहा, बाई?"
मामा, तेच तं पाहून राहिली.
"प्रवासी आन् माणूस येगळे रायतेत का?"

मी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरते.
वेगळे असतात.
पिवळ्या पुस्तकात
वल्हं मारणारा मोजलेलाच नाही.

जॅकेटचंही तसंच.
इकडे: नावेत असावे.
तिकडे: अंगात असावे.
एका शब्दाचा फरक,
लाल शाईनं दुरुस्त होईल एवढा.

मागच्या कोजागिरीला
नावेत नियमाप्रमाणे आठ होते, आणि इसन.
पतसंस्थेची मंडळी, दुधाचं पातेलं, एक स्पीकर.
जॅकेटंही आठ. बाकाखाली, कंपनीच्या प्लास्टिकात,
मळू नयेत म्हणून सुतळीनं बांधलेली.
पाण्यातला चंद्र कुणीतरी दाखवला
आणि सगळे एकाच काठाला सरकले.

गाठोडं चांगलं तरंगलं.
आठही जणांनी ते धरलं.
त्यांच्याकडे ते ढकललं इसननं.
इसनला पोहता येत होतं.
हे वाक्य मला गावात सात जणांनी सांगितलं,
आठव्यांदा लटारूनं, त्याच्या काकानं,
तेव्हा तो वल्ह्याचं पातं पुसत होता.

पंचनामा माझ्याकडे आहे.
सुरक्षा साहित्य: पूर्ण.
प्रवासी जीवितहानी: निरंक.
खोटं एक अक्षर नाही त्यात.

"तुमचा फीता ठेवा," लटारू म्हणतो,
आणि काठाला हात लावतो,
अंगठा लाकडाच्या कडेवर, करंगळी पाण्याला.
"वीतभर सुक्कं पायजे. माह्या बापाचा कायदा.
वीत भिजली का एकाले उतरवाचं,
मंग तो जावई असो का पाटील."
त्याची वीत मी मोजली. एकवीस सेंटिमीटर.
जाड पुस्तकात वीस दिलेत.
बापाचा पंजा अजून मोठा असेल.

"हे मले कोजागिरीले आठवाचं होतं," तो म्हणतो.
मग बराच वेळ काही म्हणत नाही.
एक मरळ वेलाखाली पलटी मारते.
टेप आपोआप आत जातो, खटकन.

मसुद्यात मी एक शब्द वाढवला: नाविकासह.
साहेबांनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल केला,
समासात लिहिलं: आवश्यक आहे का?
फाईल नागपूरला गेली.
नागपूरहून मुंबईला.
शब्द त्यात आहे की खोडलाय, मला कळलेलं नाही.

दिवाळीनंतर पुन्हा गेले, काम नव्हतं तसं.
लटारूच्या अंगात केशरी जॅकेट,
पोटावर चेन लागत नाही,
वाकताना ते गळ्याशी येतं, तो शिवी देतो.
नावेच्या अंगावर, काठाखाली वीतभर,
तंबाखूच्या चुन्यानं ओढलेली एक पांढरी रेघ.
संध्याकाळपर्यंत पुसून जाते, म्हणाला.
मग?
"मंग का? सकाळी डबी उघडतोच ना मी."