उन्हाची वाट

ट्रॉम्सोत दोन महिने सूर्य नाही.
टोर्लाइफनं गेमचा जुना डबा उघडलाय:
नवी चिप बसली, निसटलेली तार डकवून झाली,
चालू केला की आता हिरवा दिवा लागतो,
पूर्वी लाल होता.
पिवळेपणा तेवढा राहिलाय.

पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं
की प्लास्टिक पांढरं होतं म्हणे.
उन्हात!
सिनोव्हे म्हणते, बाबा, रंग फास ना सरळ.
छे. रंग म्हणजे थाप.

जानेवारी सरता सरता डोंगराआडून
खिडकीत आलं, चार मिनिटं.
झाकण टबात सोडणार
तोच वास आला
त्याच्या बापाच्या पाइपचा,
तीस वर्षं मुरलेला.

टब मोरीत ओतला.

हिरवा दिवा, पिवळा डबा.
सिनोव्हे हरतेय, वर चिडतेय,
आणि ऊन कधीच गेलंय.