पांढरी चार

वरच्या मजल्यावरचा इल्पो
सतरा वर्षं फोनच्या कारखान्यात होता.
कारखाना गेला. इल्पो राहिला,
त्याचं डाग द्यायचं यंत्र राहिलं, आणि ही एक खोड:
फोनला त्याने शिकवलंय
की ज्याचा नंबर त्याचीच धून.
एक म्हणजे पांढरी एक, दोन म्हणजे पांढरी दोन,
असं नऊपर्यंत चढायचं. शून्य म्हणजे गप्प.

हे त्याने मला सांगितलेलं नाही.
औलूत शेजारी एवढं बोलत नाहीत.
जानेवारीत माझ्या न्हाणीत छत ठिबकू लागलं
म्हणून त्याला फोन लावला,
आणि वरून ऐकू आला माझाच नंबर,
आरशात आपली पाठ दिसावी तसा.
एकेचाळीस वर्षं लोकांचे पियानो जुळवलेत मी.
कुलूप उघडायला तेवढं पुरलं.

तेव्हापासून मला नको तितकं कळतं.
वसुलीवाल्या बँकेची धून सुरेल आहे, हा अन्यायच.
त्याचा भाऊ कालेर्वो, त्याच्या नंबरात पाच शून्यं;
जिन्यात भेटला तरी तो असाच,
एका शब्दात दोन मजले चढणारा.
इथले नंबर शून्यानेच सुरू होतात,
म्हणून फोन आधी क्षणभर गप्प,
मग पांढरी चार, मग परत गप्प.
अख्ख्या गावाला एकच दार,
पुढे ज्याची त्याची खोली.

रविवारी संध्याकाळी सहाला एक फोन येतो.
गप्प, चार, गप्प, सात, सात,
आणि इल्पो उचलतो. नेहमी तिथेच.
दुसरा सात पुरता विझलेलाही नसतो.
पुढचे पाच मी कधी ऐकले नव्हते.
कोणाचा फोन, माहीत नाही.
बोलताना तो चालत राहतो, खिडकी ते शेगडी,
अनवाणी,
आणि आठवडाभर कुठे होती ही पावलं, असं वाटतं.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी
सात, सात, आणि धून थांबेचना.
पुढे एक उतार, एक गप्प,
मग एक उडी, जी मी जन्मात ओळखली नसती.
तीनदा वाजली.
वीजबिलाच्या पाकिटावर मी ती उतरवून घेतली, सवयीने,
आणि पेन्सिल ठेवताना दचकले:
सूर कुठले, दहा आकडे होते ते.

मग आठवलं. तळघरातल्या सौनाची पाळी बदललेली,
फळ्यावरच्या कागदावर मीच सही केली होती.
तो खाली घाम गाळत होता
आणि वर त्याचा रविवार
एकटाच वाजून गेला.

पाकीट टेबलावर. लावता आला असता नंबर.
लावून सांगणार काय?
की तो आंघोळीला गेलाय?
की मी त्याच्या जमिनीखालची बाई,
आणि तुमचे शेवटचे पाच फार छान आहेत?

नाही लावला. पियानोचं झाकण उघडलं.
एका बोटाने, सावकाश, पहिल्यापासून,
शून्यांसाठी श्वास धरून.

वरचं दार मला ऐकूच आलं नाही.
ऐकू आली ती धाव.
ओली पावलं, छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मध्ये एक खुर्ची पडली.
"हॅलो? हॅलो?"
मी हात मांडीवर घेतले.
"हॅलो?"

मग बराच वेळ काही नाही.
मग त्यानेच लावला असेल;
आपण लावलेल्या फोनला धून नसते.

त्या रात्री तारांमध्ये नमद्याच्या पट्ट्या खोचून
मी माझा पियानो अर्ध्या सुराने खाली उतरवला.
दोनशेच्या वर तारा. पहाटे तीन वाजले.
म्हाताऱ्या तारांना मानवलं नाही, दोन तुटल्या.
आता मी काहीही वाजवलं
तरी तो कोणाचाच नंबर नाही.

पुढच्या रविवारी, सहाला,
गप्प, चार, गप्प, सात,

आणि बस्स.
हल्ली तो एक सूर आधीच उचलतो.