हातचा

झोम्ब्याहून मी सायकलच्या कॅरियरवर बसून आलो.
मांडीवर पिशवी, पिशवीत चोवीस पानी पुस्तिका
आणि सहा रंगांची पुठ्ठ्याची कार्डं.
शिक्षकांना शिकवायचं होतं
मुलांना विचार करायला कसं शिकवावं ते.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं :
प्रश्न तीन प्रकारचे असतात.
एकोणीस शिक्षकांनी मान खाली घालून उतरवून घेतलं.
तीनच का, कुणी विचारलं नाही.
दिवस चांगला गेला, असं मी अहवालात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी एनिफा मक्विंजाचा वर्ग.
एकशे सात मुलं जमिनीवर, गुडघ्याला गुडघा,
पुस्तकं अकरा.
मी मागे, पालथ्या बादलीवर, वही उघडून.
धडा चिल्वा सरोवराचा.
'आमचं सरोवर बारा महिने मासळी देतं,'
एनिफा म्हणाली, आणि एकशे सात तोंडांनी री ओढली,
इतकी एका सुरात की छपराचा पत्रा थरथरला.

नाही, एकशे सहा.

खिडकीपाशी तिन्याडे गप्प होती.
'मॅडम, गेल्या साली आमची होडी
भेगांवर उभी होती.
बाबा तिच्यात कोंबड्या डालायचे.'

कुणी हसलं नाही.
तसल्या होड्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या.

एनिफाने माझ्याकडे पाहिलं.
मी कार्डांकडे.
होडीत कोंबड्या निघाल्या तर कुठला रंग दाखवायचा
ते पुस्तिकेत नव्हतं.

मग तिने पुस्तक मिटलं,
पानात बोट तसंच ठेवून
(परतावं लागलं तर वाट सापडावी),
आणि विचारलं, 'खोटं कोण बोलतंय मग,
पुस्तक की तिन्याडे?'

उत्तरासाठी तीन सेकंद थांबावं, असं पुस्तिका सांगते.
मी एकोणचाळीसपर्यंत मोजलं.

'दोघंही नाही,' वायसन म्हणाला.
'पुस्तक भरल्या साली लिहिलं असेल.'
'लिहिणारा एकदाच आला असेल,
तोही जेवायच्या वेळेला.'
'आजोबा म्हणतात, पाणी रुसून जातं, पण येतं.
मग बारा महिने मोजायचे ते कुठल्या वर्षाचे?'
आणि पुढच्या रांगेतला, नुकताच दात पडलेला :
'पण परीक्षेत काय लिहायचं?'

एनिफाला बराच वेळ लागला.
'परीक्षेत पुस्तकातलं लिहा,' ती म्हणाली.
'लिहिताना हात जरा जड होऊ द्या.'

याला गुण कुठे द्यायचे म्हणून
मी वहीत रकाना शोधत राहिलो.

संध्याकाळी तिच्या अंगणात
न्सिमाचा गोळा आणि मोजून वाढलेली सुकी मासळी.
माझ्या हातावर पाणी घालत ती म्हणाली,
'साहेब, तुमचे ते तीन प्रकार.
तिन्याडेचा प्रश्न कुठल्यात बसतो?'
'तिने प्रश्न कुठे विचारला? तिने होडी सांगितली.'
'तेच म्हणते मी.'
आणि तांब्या खाली ठेवता ठेवता :
'तीन आहेत हे मोजलं कुणी?'

राग आला, खोटं कशाला सांगू.
वीस वर्षांचा माझा अनुभव, तिची नोकरी चौथ्या वर्षात.
रात्री डासांनी झोप दिली नाही,
की डासांवर ढकलतोय मी.
पहाटे आठवलं :
मलाही ते कुणीतरी फळ्यावरच लिहून दिलं होतं.
मीही मान खाली घालून उतरवलं होतं,
अक्षर सुंदर म्हणून शाबासकीसुद्धा मिळवली होती.

निघताना पुस्तिकेतलं 'तीन' खोडलं.
त्या जागी 'चार' लिहिलं नाही.
बेरीज करताना हातचा एक
कडेला बारीक लिहून ठेवतो आपण,
तसा समासात तिचा प्रश्न लिहिला.
कुठल्या घरात मिळवायचा, अजून कळलेलं नाही.

पुढच्या शाळेत एकतीस शिक्षक
पेनांची टोपणं काढून
वाट बघत बसले होते.