नमुने

शारजा, इंडस्ट्रियल एरिया, ऑगस्ट.
बाहेर उभ्या गाडीतल्या पट्ट्याचं बक्कल
असं तापलेलं की हाताला डाग उठावा.
मी शटर अर्धं ओढून बसलेलो,
दातांत दोरा, मांडीवर कुणाच्या तरी पजेरोची पाठ.

गिऱ्हाईक आलं. नवरा, बायको, आठेक वर्षांची पोर.
तो तिला म्हणाला, "जपून बोल,
हा पठाण लुबाडणार आपल्याला."
मी म्हटलं, "पठाण मालक आहे, साहेब.
तो नमाजाला गेलाय. बसा, चहा सांगतो."

मग नमुन्यांची चळत काढली.
कापड घ्या, म्हटलं.
कापड कुणाला चटका देत नाही,
पण ठेवून घेतं सगळं:
सांडलेला कडक चहा, पोरीची उलटी, खोरफक्कानची वाळू,
तुमच्या पाठीचा मिठाचा नकाशा.
जुनी सीट उसवली की मला शेंगदाणे सापडतात,
केसांच्या पिना, चिल्लर,
एकदा एक दुधाचा दात.

नाहीतर रेक्झिन घ्या.
त्याला हल्ली नवं नाव मिळालंय, शाकाहारी.
पुसलं की गेलं,
कुणी बसून गेलं होतं हेही गेलं.
तीन उन्हाळे टिकेल.
मग खिडकीकडच्या अंगानं पापुद्रे सुटतात
आणि पांढऱ्या पँटीला काळे कण.

आणि हे कातडं.
नमुना पुढं सरकवला,
त्याच्याबद्दल बोललो नाही काही.

पोरीनं तो नाकाला लावला.
"बाबा, नवीन वास!"

नवीन कुठला गं.
माझ्या बापाच्या हातांना होता, त्याच्या बापाच्याही.
बाभळीची साल, हिरडा, चुन्याचं पाणी;
हौद गावाच्या खालच्या अंगाला.
वारा फिरला की वरच्या आळीत
एकामागून एक खिडक्या लागायच्या.
शाळेचा बाक दोघांचा होता.
मी सात वर्षं ऐसपैस बसलो.

इथं त्याच वासाचे वेगळे पैसे पडतात.
मागच्या हिवाळ्यात एक अरब
चांगली धडधाकट गाडी घेऊन आला,
म्हणाला, वास उडालाय हिचा,
परत आणून दे.

"गाव कुठलं तुमचं?"
"कागलच्या अलीकडं."
"अरे वा! आणि आडनाव?"

पंखा कुरकुरत होता.
बायको एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली,
सगळं अरबीतलं.
मी कात्री उचलली.
"पाच सीट की सात, साहेब?"

बराच वेळ गेला.
विकताना कातड्याला भाव येतो, तो म्हणाला.
उघड्या पोटऱ्या भाजतील हिच्या, ती म्हणाली,
आणि सासूबाई येणार आहेत डिसेंबरात,
त्या बसायच्या नाहीत कातड्यावर.
शेवटी ठरलं रेक्झिन,
रंग मात्र कातड्याचा.
"दिसायला खरंच वाटलं पाहिजे हं."
"वाटेल."

आणि वाटलं.
दोन दिवस लागले. दुहेरी टीप घातली,
कोपऱ्यांना मुद्दाम बारीक चुण्या दिल्या,
खऱ्याला पडतात तशा.
खोट्याला हात जास्त लागतो.
त्यानं दहा दिरहम वर दिले,
हातात नाही, टेबलावर ठेवले.
असेल, घाईत असेल.

माझी स्वतःची सनी चौदा वर्षांची.
ड्रायव्हरच्या सीटवर टॉवेल.
शेजारच्या सीटला मात्र
कातरणीतलं कातडं जोडत गेलो:
मर्सिडीजचा पिवळसर तुकडा, लँड क्रूझरचा काळा,
एक लाल, तो कुठला आता आठवत नाही.
एकूण तेवीस.
उन्हात तापते, बसताना शिव्या खाते,
पण शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पाचजण
मासे आणायला निघालो
की पुढं कोण बसणार यावरून
गुल रहमानचा भाचा आणि कोझिकोडचा शाजी
रोज नवं भांडण काढतात.
मी इंजिन चालू ठेवतो, एसी सोडतो,
मिटवायला जात नाही.