हातचा

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ,
पाणी अंदाजानं.
अंदाज चुकतो, मग पुन्हा मैदा.
दर नाताळला हे असंच.

बाहेर उणे सतरा.
सुवाल्कीत याला थंडी म्हणत नाहीत, डिसेंबर म्हणतात.
दुपारी साडेतीनलाच अंधारलंय.
न्हाणीघरातल्या टबात उद्याचा मासा फिरतोय,
म्हणून हात धुवायला सगळे स्वयंपाकघरातच,
आणि याग्ना दर दहा मिनिटांनी
माशाला शुभ रात्री म्हणून येते.

बुटांच्या खोक्यातून मागची वर्षं काढली.
कापसात गुंडाळलेले पंजे, वर झाडाला टांगायचा लाल दोरा.
एकाला दमटपणा लागून करंगळी गळाली.
एक कुत्र्यानं चाटून चाटून सपाट केलेला.
तोही टांगतो आम्ही,
फेकवत नाही म्हणून.

तिमेकनं गेल्या वर्षीच्या पंजावर पंजा ठेवला,
बोटं चारी बाजूंनी बाहेर आली.
"याला मी हरवलं," म्हणाला,
आणि नव्या गोळ्यावर इतका रेटून दाबला
की खालचं टेबल दिसलं.
पुन्हा मळलं.

लिल्काचं पहिलंच वर्ष. पाच महिन्यांची.
झाकली मूठ, खरोखरची.
गुदगुल्या केल्या, कोमट चमचा लावला,
एक बोट उघडावं तर दुसरं मिटतं.
मीठ तोंडात जाईल म्हणून मी घाबरी,
ती मात्र शांत, जसं काही
आत काय आहे ते फक्त तिलाच ठाऊक.

सासरे शेगडीजवळ खसखस वाटत बसलेले.
लाकडाच्या गिरणीनं त्यांची अर्धी तर्जनी घेतली,
मधलं बोट मुळापासून.
फोटोत उजवा हात नेहमी खिशात.
आमच्या खोक्यात त्यांचा पंजा नाही.
दरवर्षी विचारते. दरवर्षी "माझं राहू दे गं, बोग्ना."
यंदा मी विचारलंच नव्हतं.

याग्नाला नुकतं मोजता येतं, म्हणून ती सगळं मोजते.
आईची दहा. तिमेकची दहा. माझी दहा.
लिल्काची दिसत नाहीत, पण दहा.
झेनॉन आजोबांची साडेआठ.

वाटण्याचा आवाज थांबला.
मी पिठातच बघत राहिले.

"साडेआठ. बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग बाबांची?"
"बाबा इथे नाहीत," तिमेक म्हणाला.
"त्यांची दहा हातचे ठेवायचे. शाळेत शिकवलंय."

सासरे उठले. पँटला हात पुसले, खसखस पँटला लागली.
ते अर्धं बोट लिल्काच्या मुठीपाशी नेलं,
नुसतं टेकवलं.
मूठ उघडली, आणि ते बोट आत घेऊन
पुन्हा मिटली.
त्यांनी मग तसाच, गुंतलेला,
दोघांचा हात पिठात उतरवला.

उमटलं ते पंजा नव्हे, मूठही नव्हे.
एक खड्डा, चार वळ्या, कडेला नखासारखं काही.
तिमेक म्हणाला, बटाटा.
टूथपिकनं नाव कोरायला गेले तर कळेना कुणाचं कोरू.
नुसतं साल कोरलं.
पेनच्या टोपणानं दोऱ्याचं भोक पाडलं.

मंद आचेवर तीन तास.
पावासारखा वास येईल असं याग्नाला वाटलं होतं,
येतो तो ओल्या भिंतीचा.

राडेकचा फोन ग्दान्स्कहून आला होता.
बोट उशिरा लागली, आता पहाटेची बस,
बस आली तर.
मुठीएवढं पीठ मी ओल्या फडक्याखाली ठेवलंय.
"सुकेल ते," सासरे म्हणाले,
आणि झोपायला जाताना स्वतःच
फडक्यावर पाण्याचा हात मारून गेले.

रात्री दोनदा उठले.
पीठ अजून मऊ होतं, बोट रुतत होतं.
न्हाणीघरात मासा एकदा वळला.
रस्त्यावर काहीच नव्हतं.